गुरूएवढा ग्रह आणि चार दिवसांचं वर्ष: हे ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ पोचले कसे?

रोहिणीशकट:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोय.

गेल्या आठवड्यात भाची विज्ञानाचा धडा वाचत होती. आतले चार ग्रह खडकाळ, बाहेरचे चार मोठे, वायू आणि बर्फाचे. तिने विचारलं, "मामा, सगळ्या ताऱ्यांभोवती असंच असतं का?" मी 'नाही' म्हणालो आणि मग तासभर बोलतच बसलो. आमटी गार झाली, ताईचा ओरडा बसला. तेच जरा नीट मांडतो.

१९९५ साली जिनिव्हाचे मिशेल मेयर आणि त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी दिदिए केलोझ फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत १.९३ मीटरच्या दुर्बिणीवर 'एलोडी' नावाचा वर्णपटमापक लावून १४२ ताऱ्यांचा वेग मोजत होते. त्यातला ५१ पेगासी हा तारा पुढे-मागे डुलताना दिसला. सेकंदाला साधारण ५६ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटर. आपल्या गुरूमुळे सूर्य डुलतो तो सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटर, घाट उतरून सपाटीला लागलेल्या एसटीच्या वेगाने, आणि एक हेलकावा पुरा व्हायला जवळजवळ १२ वर्षं लागतात. ५१ पेगासीचा हेलकावा ४.२३ दिवसांत पुरा होत होता!

केलोझना आधी वाटलं, उपकरणात किंवा आज्ञावलीत कुठेतरी चूक आहे. तपासायचं तर वसंतात पेगासस हा तारकासमूह, ज्यात हा तारा आहे, सूर्यामागे गेलेला. जुलै १९९५ मध्ये तारा पुन्हा दिसायला लागला, तेव्हा त्यांनी वेग किती असेल ते आधी मांडून ठेवलं आणि मग दुर्बीण लावली. आकडे जुळले. ऑक्टोबरमध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेत जाहीर केलं, काही दिवसांत कॅलिफोर्नियात जेफ मार्सी आणि पॉल बटलर यांनी दुजोरा दिला. २०१९ चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल मेयर आणि केलोझ यांना मिळालं.

आता गणित बघा. निदान दीडशे पृथ्वींच्या वजनाचा ग्रह आणि ताऱ्यापासून फक्त ८० लाख किलोमीटरच्या आसपास. आपला बुध सूर्यापासून ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. ग्रहाचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात. अशा ग्रहांना आता 'उष्ण गुरू' म्हणतात.

अडचण अशी, की एवढ्या जवळ गुरूसारखा ग्रह जन्माला येणं फार कठीण. तारा तरुण असताना त्याच्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी असते. ताऱ्याला अगदी खेटून ती इतकी तापते, की दगडाची धूळसुद्धा टिकत नाही. शिवाय तिथे माल कमी. मोठा ग्रह व्हायला आधी साधारण दहा पृथ्वींएवढा गाभा जमावा लागतो, मग तो वायू खेचतो. एवढा गाभा हिमरेषेपलीकडे सहज जमतो, कारण तिथे दगडाच्या जोडीला बर्फही घन मिळतं. सूर्याच्या बाबतीत ही रेषा पृथ्वीच्या अंतराच्या साधारण तिप्पट अंतरावर.

म्हणजे ग्रह आज जिथे दिसतो ते त्याचं मूळ गाव असेलच असं नाही. तो तिथे आलाय. कसा आला याच्या खुणा त्याच्या कक्षेत राहतात, आणि त्या वाचता येतात. मला या विषयाचं वेड लागलं ते यामुळे.

एक गोष्ट राहिली. ऑटो स्ट्रुव्ह या खगोलशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच दोन पानी टिपणात लिहिलं होतं, की गुरूसारखे ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ असायला काहीच हरकत नाही, आणि ते वेगाच्या हेलकाव्यावरून किंवा ताऱ्यासमोरून जाताना सापडू शकतील. ४३ वर्षं ते टिपण तसंच पडून होतं. मोठे ग्रह लांबच असणार असं धरून चाललेल्यांनी ताऱ्याकडे चार दिवसांच्या हिशेबाने पाहिलंच नाही.

आबा_मिरज:

वाचलं. आवडलं. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. ग्रह ताऱ्याभोवती फिरतोय, त्याला कोणी धक्का दिला नाही, मग तो आत सरकेल कशाला? आपली पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षं जागेवर आहेच की.

शुभदा_क:

आबा, मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, थोडा प्रयत्न करते.

पृथ्वी आज मोकळ्या जागेत फिरते. ग्रह जन्मतात तेव्हा आजूबाजूला वायू असतो, आणि ग्रहाच्या ओढीने त्या तबकडीत नागमोडी लाटा उठतात. देवळात गर्दीच्या दिवशी प्रदक्षिणा घालताना काय होतं ते आठवा. आतल्या कडेने जाणारा झपझप पुढे जातो, बाहेरून जाणारा मागे रेंगाळतो. तुम्ही मधे आहात. आतल्याने हात धरला तर तुम्ही पुढे ओढले जाल, बाहेरच्याने धरला तर मागे. ग्रहाचं तेच होतं. आतली लाट त्याला पुढे ओढते, म्हणजे त्याचा कोनीय संवेग, सोप्या भाषेत फिरण्याचा जोर, वाढवते आणि त्याला बाहेर ढकलते. बाहेरची लाट मागे खेचते आणि आत घेते. दोन्हींची ओढाताण चालते, आणि बहुतेक वेळा बाहेरच्या लाटेचा जोर थोडा जास्त भरतो. ग्रह आत सरकतो.

पीटर गोल्डराइख आणि स्कॉट ट्रिमेन यांनी हे गणित १९८० मध्येच मांडलं होतं, म्हणजे पहिला उष्ण गुरू सापडायच्या पंधरा वर्षं आधी.

उत्तरायण:

शुभदाताईंची प्रदक्षिणा मी आता माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगणार! मी याच क्षेत्रात काम करतो, सध्या देशाबाहेर आहे, म्हणून थोडी भर घालतो.

लहान ग्रह आणि मोठा ग्रह वेगवेगळ्या तऱ्हेने सरकतात. पृथ्वीएवढा किंवा काही पृथ्वींएवढा ग्रह वायूत बुडालेलाच असतो आणि झपाट्याने आत जातो, काही लाख वर्षांत किंवा त्याहून लवकर. ही डोकेदुखीच आहे, कारण तबकडीतला वायू तीस लाख ते एक कोटी वर्षं टिकतो. साधं गणित केलं तर गाभा मोठा व्हायच्या आतच ताऱ्यात पडायला हवा. तबकडीतल्या तापमानाच्या चढउतारामुळे काही जागी ही ओढ थांबते किंवा उलटते, असं आता दिसतंय.

गुरूएवढा ग्रह आपल्या कक्षेतला वायू दोन्ही बाजूंना सारतो आणि तबकडीत खाच पाडतो. मग तो जवळपास तबकडीच्या कलाने आत जातो, तुलनेने सावकाश. तबकडीत अशी जागा मोकळी केलेला ग्रह प्रत्यक्ष दिसलाही आहे. पीडीएस ७० या सुमारे ३७० प्रकाशवर्षांवरच्या तरुण ताऱ्याभोवतीचा ग्रह २०१८ मध्ये चित्रात टिपला, पुढच्याच वर्षी दुसराही मिळाला. दोन्ही तबकडीतल्या मोकळ्या पट्ट्यात आहेत. ग्रह घडत असताना पाहायला मिळणं ही केवढी गोष्ट आहे! मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही.

घाटमाथा:

मी यंत्र अभियंता. माझी शंका ब्रेकची आहे. ग्रह आत येतोय हे पटलं. मग थांबतो कुठे? चार दिवसांच्या कक्षेवर कुठला स्टॉपर आहे?

उत्तरायण:

घाटमाथा, नेमका हाच प्रश्न १९९६ मध्ये डग्लस लिन, पीटर बोडेनहायमर आणि डेरेक रिचर्डसन यांनी घेतला होता. तरुण ताऱ्याचं चुंबकक्षेत्र जोरदार असतं. ते तबकडीची आतली कड खाऊन टाकतं. तिथला वायू चुंबकरेषांवरून उचलला जाऊन ताऱ्यावर पडतो आणि आत पोकळी राहते. ग्रह त्या पोकळीत शिरला की ओढायला वायूच उरत नाही. कड पडते ती साधारण तिथे, जिथली कक्षा आणि ताऱ्याचं स्वतःभोवती फिरणं एकाच गतीचं असतं. तरुण ताऱ्यांना एका फेरीला काही दिवस लागतात. उष्ण गुरूंची गर्दी तीन-चार दिवसांच्या कक्षांवर दिसते, ती याच्याशी बऱ्यापैकी जुळते.

रोहिणीशकट:

इथेच मला माझा आवडता ग्रह आणायचाय, कारण सगळे उष्ण गुरू वायूत पोहत आले असं मानलं तर एका पुराव्याचं काहीच करता येत नाही.

एचडी ८०६०६ बी. २००१ मध्ये सापडला. वजन गुरूच्या चौपट, अंतर दोनशे प्रकाशवर्षांहून थोडं जास्त. वर्ष १११ दिवसांचं, पण कक्षा इतकी लांबट की उत्केंद्रता, म्हणजे लांबटपणाचं माप, ०.९३ (वर्तुळाची शून्य असते). आपल्या धूमकेतूंची असते तशी. लांबच्या टोकाला तो ताऱ्यापासून १३ कोटी किलोमीटरवर असतो, जवळच्या टोकाला ५० लाखांच्याही आत. स्पिट्झर दुर्बिणीने ते जवळून जाणं टिपलं तेव्हा अवघ्या सहा तासांत ग्रहाचं तापमान ८०० वरून १५०० केल्विनवर गेलं. आपल्याकडे सकाळी गार आणि संध्याकाळी तोफेच्या तोंडी, असं म्हणा.

आता वहीत केलेलं गणित देतो. दर फेरीला तारा जवळ आला की ग्रह ताणला जातो, जशी चंद्रामुळे समुद्राला भरती येते. त्या मळण्यात कक्षेची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. कोनीय संवेग मात्र जवळपास तसाच राहतो. म्हणजे सरासरी अंतर गुणिले (१ वजा उत्केंद्रतेचा वर्ग) ही संख्या टिकते. सरासरी अंतर ०.४५५ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर). ०.९३ चा वर्ग ०.८६५. एकातून वजा केला, राहिले ०.१३५. गुणाकार आला ०.०६. म्हणजे ही कक्षा पुढे कधी वर्तुळ झाली, तर तिची त्रिज्या ०.०६ खगोलीय एकक आणि वर्ष साधारण साडेपाच दिवसांचं!

उत्तर पाहून मी पेन खाली ठेवलं. हा तर उष्ण गुरू व्हायला निघालेला ग्रह आहे, अर्ध्या वाटेत सापडलेला.

शुभदा_क:

गणित बरोबर आहे, तपासलं. अकरावीच्या मुलालाही जमेल इतकं सरळ आहे. पण ही लांबट कक्षा मुळात झाली कशी, तेही लिहा.

रोहिणीशकट:

शुभदाताई, या ताऱ्याला एक जोडीदार तारा आहे, एचडी ८०६०७, हजाराहून जास्त खगोलीय एकक दूर. दूरच्या जोडीदाराची कक्षा ग्रहाच्या कक्षेला बरीच तिरकी असेल, तर त्याची हलकी पण सततची ओढ लाखो वर्षांत एक चमत्कारिक देवाणघेवाण घडवते. कक्षेचा तिरकेपणा कमी होतो तेव्हा लांबटपणा वाढतो, आणि पुन्हा उलट. सोव्हिएत संघात मिखाईल लिडोव्ह यांना हे कृत्रिम उपग्रहांच्या कक्षा मांडताना मिळालं आणि जपानच्या योशिहिदे कोझाई यांना १९६२ मध्ये लघुग्रहांच्या बाबतीत. दोघांपैकी कोणाच्याही समोर परक्या ताऱ्याचा ग्रह नव्हता. जोडीदार तारा नसेल तर दोन-तीन मोठे ग्रहही एकमेकांना रेटून एखाद्याला असा आत भिरकावू शकतात.

उत्तरायण:

अगदी. आणि एचडी ८०६०६ बी आता एकटा नाही. २०२४ मध्ये टीआयसी २४१२४९५३० बी जाहीर झाला. उत्केंद्रता ०.९४, वर्ष सुमारे १६६ दिवसांचं, शिवाय तो ताऱ्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने जातो.

ही उलट दिशा कशी कळते ते सांगण्यासारखं आहे. फिरणाऱ्या ताऱ्याची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. ग्रह समोरून जाताना आधी येणारी बाजू झाकली, तर क्षणभर तारा दूर जातोय असा भास होतो, मग उलट. क्रम बदलला तर ग्रह उलटा जातोय. २००९ मध्ये वॉस्प-१७ बी असा उलटा निघाला. शांत तबकडीतून सरकत आलेला ग्रह सहसा ताऱ्याच्या फिरण्याच्या प्रतलात राहतो. तो उलटा होण्यामागे बरीच धक्काबुक्की लागते.

घाटमाथा:

मग वायूचं प्रकरण निकालात काढायचं का?

उत्तरायण:

नाही, अजिबात नाही. वॉस्प-४७ पाहा. त्याचा उष्ण गुरू ४.१६ दिवसांत फेरी मारतो. २०१५ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या नोंदींत त्याला दोन शेजारी मिळाले, एक आत ०.७९ दिवसांच्या कक्षेत, एक बाहेर ९ दिवसांच्या. लांबट कक्षेने झेपावत आलेला गुरू या दोघांना उधळून लावता. ते शाबूत आहेत, म्हणजे हा गुरू सावकाश, शेजाऱ्यांसकट आला किंवा तिथेच वाढला. बहुतेक उष्ण गुरूंना मात्र असे जवळचे शेजारी नसतात. माझं वैयक्तिक मत असं, की झेपावत आलेल्यांची संख्या मोठी आहे आणि वायूतून आलेले थोडे. माझ्याच गटात हे न पटणारे लोक आहेत.

के२-३३ बी हा आकाराने साधारण नेपच्यूनएवढा ग्रह ५.४ दिवसांच्या कक्षेत आहे आणि त्याच्या ताऱ्याचं वय जेमतेम पन्नास लाख ते एक कोटी वर्षं. कक्षा लांबट होऊन पुन्हा वर्तुळ व्हायला एवढा वेळ सहसा पुरत नाही. तो वायू असतानाच आत आला असणार.

मीनल_नाशिक:

"तिथेच वाढला" असं वर ओझरतं आलंय. पण पहिल्या पोस्टमध्ये तर ते फार कठीण आहे असं आहे. नक्की काय?

उत्तरायण:

बरं पकडलंत. २०१६ मध्ये कॉन्स्टंटिन बॅटिगिन, बोडेनहायमर आणि ग्रेगरी लॉफलिन यांनी दाखवलं, की दहा-वीस पृथ्वींएवढा गाभा आतच मिळाला तर तो तिथल्या तिथे वायू खेचून गुरू होऊ शकतो. आणि काही पृथ्वींएवढे ग्रह ताऱ्यांजवळ भरपूर सापडतात हे केप्लरने दाखवलंच आहे. पण मग तो गाभा तिथे कुठून आला? एक तर तो स्वतः सरकत आला, नाही तर त्याचा माल, म्हणजे गारगोट्यांएवढे कण, वायूच्या विरोधामुळे आत वाहत आले. प्रवास कोणाला तरी करावाच लागतो.

आबा_मिरज:

मग आपला गुरू का नाही आत आला? आला असता तर आपण हे लिहायला नसतो.

रोहिणीशकट:

आबा, थोडासा आला असावा असं मानणारे आहेत. २०११ मध्ये केव्हिन वॉल्श आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की गुरू दीड खगोलीय एककापर्यंत, म्हणजे आज मंगळ आहे तिथवर आला. मागून शनी आला, दोघांनी मिळून वायूत एकच रुंद खाच पाडली आणि ओढ उलटली, दोघे परत फिरले. मंगळ एवढा छोटा का, याचं उत्तर त्यातून मिळतं. ही कल्पना सगळ्यांना मान्य नाही, मंगळाचं कोडं दुसऱ्या वाटांनीही सुटतं. पण सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत उष्ण गुरू फार तर एखाद्याकडे असतो, म्हणजे बहुतेक गुरू आतवर येतच नाहीत.

घाटमाथा:

आत आलेल्यांचं पुढे काय?

उत्तरायण:

काही पडतात. वॉस्प-१२ बी चं वर्ष १.०९ दिवसाचं आहे आणि ते दर वर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी कमी होतंय. हे २०२० पर्यंत पक्कं झालं. ताऱ्यावर उठलेला भरतीचा फुगवटा ग्रहाच्या मागे पडतो आणि त्याला मागे खेचत राहतो. याच गतीने साधारण तीस लाख वर्षांत खेळ आटोपेल. एचडी २०९४५८ बी चा हायड्रोजन उडून चाललाय हे तर २००३ मध्येच हबलने पाहिलं.

मीनल_नाशिक:

आपल्याकडून या विषयात काही काम झालंय का?

शुभदा_क:

झालंय, आणि होतंय. माउंट अबूला गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेची वेधशाळा आहे. तिथल्या 'पारस' वर्णपटमापकाने अभिजित चक्रवर्ती यांच्या गटाने २०२१ मध्ये टीओआय १७८९ बी शोधला. गुरूच्या ०.७ पट वजन, १.४ पट आकार, वर्ष ३.२ दिवसांचं. अस्सल उष्ण गुरू! आता तिथे अडीच मीटरची दुर्बीण आणि 'पारस-२' आहे.

आणि एका उष्ण गुरूला तर भारतीय नाव आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्रत्येक देशाला एक तारा आणि एक ग्रह नाव ठेवायला दिला. आपल्या वाट्याला एचडी ८६०८१ आला. ताऱ्याचं नाव 'बिभा', विश्वकिरणांवर मोलाचं काम केलेल्या बिभा चौधुरी यांच्यावरून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केलं होतं. ग्रहाचं नाव 'संतमस', संस्कृतात सगळीकडे भरलेला काळोख. नाव देताना ढगाळ वातावरण हा अर्थ घेतला. ते पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलं होतं. संतमसचं वर्ष सव्वादोन दिवसांहून कमी. माझ्या वर्गातली मुलं आता मोठी झाली, पण मी शिकवत असते तर प्रत्येक वर्गात हे सांगितलं असतं.

मीनल_नाशिक:

हे माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला. आज घरी सगळ्यांना सांगते.

आबा_मिरज:

शेवटचं एक. ५१ पेगासी आमच्या शेतावरून दिसेल का? दुर्बीण नाही, शेतराखणीला घेतलेला जुना बायनॉक्युलर आहे.

रोहिणीशकट:

आबा, नक्की दिसेल. प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, ५.५ आहे, अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनीही कडेकडेने दिसतो. अमावास्येच्या आसपास जा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन येतो. त्याची पश्चिमेकडची बाजू म्हणजे पूर्वाभाद्रपदा, दोन ठळक तारे, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोघांच्या मधोमध नजर थांबवा, मग चौकोनाच्या बाहेर, पश्चिमेला, हात लांब धरून एक बोटभर सरका. आपल्याकडून तो जवळजवळ माथ्यावरून जातो, त्यामुळे मान मोडून उभं राहण्यापेक्षा बाजेवर आडवे पडा आणि बायनॉक्युलरचे कोपर छातीवर टेकवा, म्हणजे हलणार नाही. सूर्यासारखाच पिवळसर, साधा तारा दिसेल. अंतर ५० प्रकाशवर्षं. ग्रह दिसणार नाही, पण लागोपाठ पाच रात्री पाहिलात तर तेवढ्यात त्याचं जवळजवळ एक वर्ष उलटलेलं असेल.

दिसला की इथे लिहा.